सीमेपलीकडील बाजार आणि वस्तूची खरी किंमत

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर सौंसरनजीक जामसांवली हे गाव आहे. पिंपळाखालील निद्रावस्थेतील हनुमानाच्या मूर्तीमुळे या गावाची ख्याती दूरवर पसरली असून दर्शनास येणाऱ्या भाविकांत महाराष्ट्रातील मंडळींचा भरणा मोठा असतो. भाविक आले की बाजार आला, आणि दोन राज्यांतील माणसे एका बाजारात आली की भावांची तुलनाही आलीच. सावनेरचा माणूस येथील भाव विचारतो. सौंसरचा माणूस नागपूरच्या इतवारीतील भाव सांगतो. "तिकडे स्वस्त मिळते" हे वाक्य सीमेवरील प्रत्येक गावात ऐकावयास मिळते. ते कितपत खरे असते, आणि खरे-खोटे पारखण्याची रीत कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

येथील सीमा तशी फार जुनी नाही. सौंसर व पांढुर्णा हा सारा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढे तो मध्यप्रांतात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले व छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तोपर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, पण सीमेच्या दोन्ही अंगांस रुपया एकच राहिला. म्हणून येथून आरंभ करणे सोयीचे आहे. नाणे एकच असताना किंमत का बदलते हे आधी समजले, म्हणजे नाणी दोन असताना काय घडते ते समजणे सुलभ जाईल.

एकच नाणे, तरी किंमती दोन

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर बहुतेक वस्तूंवरील कराचे दर देशभर सारखे झाले. त्यामुळे साबण, कापड, भांडी इत्यादी वस्तूंच्या भावात सीमेच्या अलीकडे-पलीकडे जो फरक आढळतो, तो प्रामुख्याने वाहतूक, दुकानांतील चढाओढ आणि घाऊक पेठेपासूनचे अंतर यांमुळे पडतो. पेट्रोल, डिझेल व मद्य ही मात्र या करकक्षेबाहेर राहिली. त्यांवरील कर प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरविते. म्हणून त्यांच्या भावातील अंतर सीमेवर चटकन नजरेस येते.

एक साधा हिशेब पाहू. समजा, सीमेपलीकडील पंपावर पेट्रोल लिटरमागे ३ रुपयांनी स्वस्त आहे आणि तो पंप २० किलोमीटरवर आहे. मोटारसायकलच्या टाकीत ८ लिटर पेट्रोल भरले, तर बचत २४ रुपयांची झाली. परंतु जाऊन-येऊन ४० किलोमीटर धावण्यास, लिटरला ५० किलोमीटर या प्रमाणात, ८०० मिलिलिटर पेट्रोल जळाले. लिटरचा भाव १०० रुपये धरल्यास हा खर्च ८० रुपयांचा होतो. म्हणजे २४ रुपये वाचविण्यासाठी ८० रुपये वेचले गेले व पदरचे ५६ रुपये गेले. अर्थात, तो माणूस अन्य कामासाठी त्या बाजूस जाणारच असेल, तर २४ रुपयांची बचत खरी ठरते.

यावरून पहिला नियम हाती येतो. वस्तूची किंमत दुकानात ठरत नाही, ती घरी पोहोचल्यावर ठरते. दोन ठिकाणचे भाव ताडून पाहावयाचे असतील, तर दोन्ही वस्तू आधी एकाच ठिकाणी, म्हणजे ग्राहकाच्या दारात, आणून मांडल्या पाहिजेत.

हाली आणि कलदार

आता नाणी दोन असतील तर काय होते ते पाहू. त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. मराठी मुलखातच, अजूनही काही वृद्धांच्या स्मरणात असेल असा, दोन नाण्यांचा व्यवहार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता. मराठवाड्याचे पाच जिल्हे, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे संस्थानचा स्वतःचा रुपया चाले; त्यास 'हाली सिक्का' म्हणत. इंग्रजी अंमलातील वऱ्हाड, खानदेश, अहमदनगर, सोलापूर येथे चालणारा रुपया 'कलदार' या नावाने ओळखला जाई, कारण तो कळेवर म्हणजे यंत्रावर पाडलेला असे. पैनगंगेच्या एका तीरावर हाली, दुसऱ्या तीरावर कलदार. जालन्याच्या पेठेत हाली, आणि तेथून जवळच असलेल्या, वऱ्हाडातील देऊळगाव राजा येथे कलदार.

या दोन रुपयांचा सरकारी दर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली बरोबर १०० रुपये कलदार असा होता. हा आकडा अवघड दिसतो. पण त्याचा अर्थ इतकाच की ७ रुपये हाली म्हणजे ६ रुपये कलदार. हा दर कोणाच्या लहरीने ठरलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कलदार रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असे, तर हाली रुपयात सुमारे ९.१ ग्रॅम. सहा कलदारांतील चांदी सुमारे ६४ ग्रॅम भरते आणि सात हालींतील चांदीही तितकीच भरते. नावाने दोन्ही रुपयेच, परंतु पोटातील धातू निराळा, म्हणून मोलही निराळे. एका चलनाच्या बदल्यात दुसरे चलन किती मिळेल, हे दाखविणाऱ्या प्रमाणास 'विनिमय दर' म्हणतात. जुन्या व्यापारी भाषेत यालाच लागून 'हुंडणावळ' व 'बट्टा' हे शब्द येत.

समजा, एका धोतरजोडीचा भाव संस्थानी पेठेत साडेतीन रुपये हाली व वऱ्हाडातील पेठेत ३ रुपये कलदार आहे. आकड्यांवर भुलणारा ग्राहक म्हणेल की वऱ्हाडात आठ आण्यांनी स्वस्त. पण साडेतीन हालीला सात या अंकाने भागून सहाने गुणले, तर उत्तर ३ कलदार येते. दोन्हीकडे भाव सारखाच आहे. जो फरक दिसला तो वस्तूचा नव्हता, नाण्याचा होता.

याची दुसरी बाजूही लक्षात घेणे अगत्याचे आहे. नाणे हलके असले म्हणजे तेथील माणूस गरीब, असे मुळीच नाही. संस्थानातील मजुरास रोज एक रुपया हाली मिळत असेल व वऱ्हाडातील मजुरास चौदा आण्यांहून किंचित कमी कलदार मिळत असेल, तर दोघांची मजुरी एकच होय. कारण एक हाली म्हणजे कलदाराचे सहा-सप्तमांश, अर्थात सुमारे १३ आणे ८ पै. ती धोतरजोडी घेण्यासाठी दोघांनाही साडेतीन दिवस राबावे लागेल. किती दिवसांच्या श्रमास ती वस्तू पडते, हाच भावाचा सर्वांत खरा गज आहे. नाण्यावरील छाप बदलतो, श्रमाचा दिवस बदलत नाही.

बार्शीची पेठ आणि करोडगिरीचा नाका

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हा तालुका इंग्रजी अंमलात होता. परंतु त्याच्या भोवती निजामाचा मुलूख पसरलेला होता. संस्थानातील माल विकण्यास व बाहेरचा माल नेण्यास लोक बार्शीस येत, आणि १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेने या पेठेस अधिकच बळ दिले. पण संस्थानच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा नाका लागे. करोडगिरी म्हणजे संस्थानचे जकात खाते. मालाच्या किमतीवर शेकडा ५ प्रमाणे शुल्क तेथे द्यावे लागे.

आता तीन गोष्टींचा हिशेब एकत्र करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. बार्शीत एका लुगड्याची किंमत १२ रुपये कलदार आहे. त्याच प्रतीचे लुगडे संस्थानी पेठेत १५ रुपये हालीस मिळते. वरवर पाहता फरक ३ रुपयांचा. परंतु १५ हाली म्हणजे १२ रुपये १४ आण्यांहून थोडे कमी कलदार. म्हणजे खरा फरक ३ रुपयांचा नसून सुमारे १४ आण्यांचा आहे. १२ रुपयांवर शेकडा ५ प्रमाणे जकात साडेनऊ आण्यांच्या वर जाते. उरले सुमारे ४ आणे. त्यातून सराफाचा बट्टा व गाडीभाडे द्यावयाचे. एका लुगड्यासाठी हा प्रवास करणाऱ्यास काहीच लाभ नाही. ज्यास लग्नाचा सारा बस्ता बांधावयाचा आहे, त्यास मात्र तो कदाचित परवडेल.

सराफाच्या बट्ट्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाणे बदलून देणारा माणूस घेण्याचा भाव एक व देण्याचा भाव दुसरा ठेवतो. मधल्या अंतरावर त्याचा निर्वाह चालतो. आजही परकी चलन बदलून देणाऱ्या बँकेत वा अधिकृत दुकानात खरेदीचा दर व विक्रीचा दर असे दोन दर लिहिलेले असतात. वृत्तपत्रात छापलेला दर यांपैकी कोणताच नसतो. म्हणून बदललेले पैसे पुन्हा बदलण्याची वेळ आली, तर तोटा दोनदा सोसावा लागतो. ज्यास हिशेब येत नाही, त्याचा तोटा आणखी वाढतो. ७ हालीस ६ कलदार हा दर असता एखाद्याने घाईघाईत '५ हालीस ४ कलदार' असा हिशेब मान्य केला, तर १२ कलदारांसाठी त्यास १४ ऐवजी १५ हाली मोजावे लागतील.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात सामील झाले. १९५० मध्ये तेथे भारतीय रुपया आला, १९५१ मध्ये हाली नाणे काढणे थांबले व १९५९ मध्ये ते चलनातून कायमचे बाद झाले. दरम्यान १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. आणे-पै व गावोगावचा निराळा शेर यांचा घोळ संपला. आजच्या ग्राहकास ज्या गोष्टी सहज वाटतात, म्हणजे एक नाणे, एक वजन व एक माप, त्या मिळून अजून शतकही झालेले नाही.

गोमंतकाचा दाखला

हाली-कलदाराच्या उदाहरणात भावाचा फरक मुख्यतः नाण्यातून दिसत होता. गोव्याच्या उदाहरणात नेमके उलट होते. पोर्तुगीज अंमलातील गोव्यात 'रुपिया' हे नाणे होते व त्याचे मोल भारतीय रुपयाइतकेच होते. पुढे १९५८ च्या सुमारास तेथे एस्कुदो हे चलन आले. सहा एस्कुदोंचा एक रुपया होई. सावंतवाडीकडून गेलेल्या माणसास एखाद्या घड्याळावर ३०० हा आकडा दिसला, तरी त्याने दचकण्याचे कारण नव्हते. ते ५० रुपये होते.

तरीही तेथे परदेशी घड्याळे, पेन यांसारख्या वस्तू स्वस्त मिळत. नाण्याच्या दरामुळे हे घडत नव्हते. भारतात त्या वेळी अशा मालाच्या आयातीवर कडक निर्बंध व भारी शुल्क होते, गोव्यात ते सौम्य होते. स्वस्ताईचे मूळ तेथे होते. ज्या फरकाचे मूळ केवळ जकातीत असते, तो नाक्यावर प्रामाणिकपणे जकात भरताच नाहीसा होतो. ती चुकविली तरच तो टिकतो. आणि मग त्या व्यवहारास खरेदी न म्हणता चोरटा व्यापार म्हणतात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि सहा एस्कुदोंस एक रुपया याच दराने तेथील चलन बदलून घेण्यात आले. दर तोच राहिला, पण देश एक होऊन जकातीची भिंत गेल्यावर ती स्वस्ताईही राहिली नाही.

दर स्थिर, तरी खरी किंमत चळते

आज भारतीय यात्रेकरूस दोन नाण्यांचा अनुभव सर्वांत सहजपणे येतो तो नेपाळात. पशुपतिनाथाच्या दर्शनास जाणाऱ्या मंडळींना तेथील भाव प्रथम भरमसाट वाटतात. १९९३ पासून १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये हा दर कायम ठेवण्यात आलेला आहे. धर्मशाळेच्या खोलीस १,६०० नेपाळी रुपये सांगितले, तर ते १,००० भारतीय रुपये होत. नेपाळी रकमेस आठाने भागून पाचाने गुणावे, म्हणजे भारतीय रक्कम येते.

दर इतकी वर्षे स्थिर आहे, म्हणजे भावांची तुलनाही स्थिर राहील, असे मात्र कोणी समजू नये. समजा, एक घोंगडी नेपाळात १६० नेपाळी रुपयांस व नागपुरात १०० रुपयांस मिळत होती. दोन्ही भाव सारखेच. दहा वर्षांनी नेपाळात ती ३२० झाली व नागपुरात १५०. दर बदललेला नाही. पण ३२० नेपाळी म्हणजे २०० भारतीय. आता नेपाळातील घोंगडी ५० रुपयांनी महाग पडते. अर्थशास्त्रात यासाठी 'वास्तव विनिमय दर' असा शब्द आहे. चलनाचा दर आणि दोन्ही देशांतील महागाई या दोहोंचा एकत्र विचार केला म्हणजे वास्तव दर मिळतो. नुसता चलनाचा दर पाहणे हे तराजूचे एकच पारडे पाहण्यासारखे आहे.

दर घसरतो तेव्हा

चलनाचा दर स्वतःच बदलला तर काय होते, याचा मोठा अनुभव देशास ६ जून १९६६ रोजी आला. त्या दिवशी रुपयाचे अवमूल्यन झाले. त्यापूर्वी एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत; त्या दिवसापासून ७ रुपये ५० पैसे पडू लागले. १०० डॉलरचे यंत्र ४७६ रुपयांस पडत होते, ते एका रात्रीत ७५० रुपयांचे झाले. यंत्र तेच, परदेशातील त्याची किंमतही तीच; पण रुपयात ती शेकडा साडेसत्तावन्नने वाढली.

येथे विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. रुपयाचे मोल शेकडा साडेछत्तीसने घटले असे पुस्तकात वाचावयास मिळते. मग किंमत साडेसत्तावन्नने कशी वाढली? उत्तर सोपे आहे. एक रुपयास पूर्वी सुमारे २१ सेंट मिळत, नंतर सुमारे १३.३ मिळू लागले. ही घट साडेछत्तीस टक्क्यांची. पण तेच २१ सेंट पुन्हा मिळविण्यासाठी एक रुपया ५७ पैसे मोजावे लागू लागले. ही वाढ साडेसत्तावन्न टक्क्यांची. घट वरच्या आकड्यावर मोजली जाते व वाढ खालच्या आकड्यावर, म्हणून टक्के निराळे येतात. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन झाले व डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ रुपयांच्या आसपास गेला. त्यानंतर काही वर्षांत दर बाजारावर सोपविण्यात आला आणि तो रोज बदलू लागला.

ज्याने आयुष्यात डॉलर पाहिला नाही, त्याचा याच्याशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. संबंध निकटचा आहे. भारतास लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल बाहेरून येते व त्याची किंमत डॉलरमध्ये ठरते. संत्र्याच्या बागेस लागणारे पोटॅश आयातीवर अवलंबून आहे. रुपया घसरला की ही बिले रुपयात फुगतात. अनुदानामुळे वा करातील फेरबदलामुळे तो भार काही काळ शासनाच्या अंगावर राहतो. पण तो नाहीसा होत नाही, केवळ खांदा बदलतो.

संत्र्याची गाडी आणि टका

सौंसर-पांढुर्ण्याच्या बागाईतदारास विनिमय दराचा सर्वांत थेट धक्का बसतो तो संत्र्याच्या व्यापारात. हा सारा भाग वरुड, काटोल, नरखेड या विदर्भातील संत्रापट्ट्यास लागून आहे. आंबिया व मृग या दोन्ही बहारांचे फळ देशभर जाते. परदेशी बाजारांत या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश होय. तेथील ग्राहक किंमत टक्यात मोजतो, येथील बागाईतदार रुपयात घेतो. मध्ये दोन सरकारांची जकात आणि दोन चलनांचा दर उभा असतो.

२०२२ च्या आरंभी एका डॉलरला सुमारे ८६ टका व सुमारे ७५ रुपये पडत. म्हणजे १०० रुपयांस सुमारे ११५ टका लागत. २०२३ अखेर डॉलर सुमारे ११० टका व सुमारे ८३ रुपये झाला. रुपया घसरला खरा. पण टका त्याहून अधिक घसरला. परिणामी १०० रुपयांसाठी आता सुमारे १३२ टका लागू लागले.

याचा अर्थ किलोच्या हिशेबाने पाहू. येथे संत्र्याचा भाव ३० रुपये किलो धरला, तर ढाक्याच्या व्यापाऱ्यास आरंभी ते साडेचौतीस टक्यांस पडत. दोन वर्षांनी जवळजवळ ४० टक्यांस पडू लागले. बागाईतदाराने भाव एका पैशानेही वाढविला नव्हता, तरी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने संत्रे महाग झाले. आता समजा, ढाक्याच्या व्यापाऱ्याने साडेचौतीस टक्यांहून अधिक देण्यास साफ नकार दिला. नव्या दराने तेवढ्या टक्यांचे सुमारे २६ रुपयेच होतात. किलोमागे ४ रुपये, म्हणजे क्विंटलमागे ४०० रुपये, बागाईतदाराच्या पदरातून गेले. ना झाडावर रोग पडला, ना गारपीट झाली, ना फळाचा दर्जा घसरला. तरी उत्पन्न घटले.

याच सुमारास दुसरा भारही वाढत होता. २०१९ ते २०२३ या काळात बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवीत चौपटीहून अधिक केले. करोडगिरीच्या नाक्याचे तत्त्व येथेही तेच. फक्त नाका बार्शीच्या वेशीवरून बंगालच्या सीमेवर गेला. शुल्क व दर या दोन्ही कात्र्या एकाच वेळी चालल्या, म्हणून त्या हंगामांत फळाचा उठाव मंदावला. भाव पडला की आपल्या अडत्यावर वा दलालावर संशय घेण्याची रीत आहे. क्वचित तो खरा असतोही. परंतु हिशेब करून पाहिला, तर भाव कोठे अडला हे कळते, आणि कोणाकडे कशाची मागणी करावयाची हेही ठरविता येते. शुल्काचा प्रश्न दोन सरकारांच्या बोलणीतून सुटू शकतो. दराचा प्रश्न तसा सुटत नाही. त्यासाठी एकाच देशाच्या बाजारावर विसंबून न राहणे, प्रतवारी करून देशांतर्गत पेठा गाठणे व रस काढण्याच्या उद्योगास फळ देणे हे मार्ग उरतात.

हिशेबाची रीत

वरील सर्व उदाहरणांतून जी रीत निघते ती चार पायऱ्यांत सांगता येईल.

पहिली पायरी, एक नाणे : दोन्ही भाव एकाच चलनात आणावेत. दर छापील न घेता प्रत्यक्ष हाती पडणारा घ्यावा.

दुसरी पायरी, एक माप : वजन, प्रत व नग सारखे आहेत की नाही ते पाहावे. आठशे ग्रॅमची पिशवी व किलोची पिशवी यांची तुलना होऊ शकत नाही.

तिसरी पायरी, एक ठिकाण : जकात, कर, भाडे, बट्टा व मोडलेला दिवस मिळवून वस्तू दारात कितीस पडते ते काढावे.

चौथी पायरी, एक वेळ : गतवर्षीचा दर व यंदाचा भाव एकत्र करू नये. दर व महागाई दोन्ही बदलतात.

एवढे झाल्यावर शेवटी स्वतःस एक प्रश्न विचारावा : ही वस्तू आपल्या किती दिवसांच्या कमाईस पडली? परगावी वा परदेशी असलेल्या मुलाच्या पगाराचा आकडा ऐकतानाही हाच प्रश्न विचारावा. पगार मोठा दिसतो तेथे घरभाडे व भाकरीही त्याच नाण्यात मोजावी लागते.

अभ्यासासाठी उदाहरणे

शिक्षकांनी पुढील उदाहरणे वर्गात सोडवून घ्यावीत. आकडे सरावासाठी आहेत.

१. एक सतरंजी बार्शीत १८ रुपये कलदारास व संस्थानी पेठेत २० रुपये हालीस मिळते. जकात व भाडे सोडून कोठे स्वस्त?

२. डॉलरचा दर ८० रुपयांवरून ८४ रुपये झाला. ५० डॉलरच्या वस्तूची रुपयातील किंमत किती वाढली?

३. सीमेपलीकडे डिझेल लिटरमागे २ रुपयांनी स्वस्त आहे. एक जीप २४ किलोमीटरचा फेरा करून ३० लिटर डिझेल भरते. जीप लिटरला १२ किलोमीटर धावते व डिझेलचा भाव लिटरला १०० रुपये धरावा. लाभ की तोटा?

४. नेपाळात एका शालीस २,४०० नेपाळी रुपये पडतात. भारतीय रुपयांत किंमत किती?

उत्तरे : (१) १८ कलदार म्हणजे २१ हाली; संस्थानी पेठेत १ रुपया हालीने स्वस्त. (२) ४,००० वरून ४,२०० रुपये. वाढ २०० रुपये, म्हणजे शेकडा ५. (३) बचत ६० रुपये, फेऱ्याचा खर्च २०० रुपये. तोटा १४० रुपये. (४) १,५०० रुपये.

पहिल्या उदाहरणात मोठा आकडा असलेली वस्तू स्वस्त ठरली, तर तिसऱ्यात स्वस्त भाव महाग पडला, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष आवर्जून वेधावे. ज्या घरात संत्र्याची बाग आहे, त्या घरातील विद्यार्थ्याने पाचवे उदाहरण स्वतः तयार करावे : आपल्या बागेचा यंदाचा भाव, मालाचे वजन आणि टक्याचा त्या दिवसाचा दर घेऊन, दर शेकडा १० ने बदलल्यास घरच्या उत्पन्नात किती फरक पडेल, हे काढून वडीलधाऱ्यांना दाखवावे.